साडेतीन तासांचा सत्कार

"पुरुषासारखा पुरुष असून हा माणूस स्वतःच्या हातानं बायकोची घाण काढतो!"

ट्रस्टचे चिटणीस हे माईकवर म्हणाले. समोर वीस-वीस खुर्च्यांच्या बारा ओळी. सगळ्या भरलेल्या. टाळ्या पडल्या.

मी स्टेजवर होतो. डोक्याला फेटा. उजव्या हाताला चाकाच्या खुर्चीत शालन, माझी बायको. तिनं मान खाली घातली. कमरेखालचं तिला काही कळत नव्हतं. कमरेवरचं सगळं कळत होतं.

टाळ्या चालू असताना मी काय केलं? हात जोडले. हे आधीच लिहून ठेवतो, नंतर कुणी मला चांगला म्हणायला नको. मी हात जोडले.

घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्हाला चार वाजल्यापासून तिथं बसवलं होतं.

मी गुळाच्या अडतीत दिवाणजी होतो. आलेल्या मालाची वजनं लिहायची, बेरजा मारायच्या. बावीस वर्षं एकाच मालकाकडं. तिथं माझं नाव कुणी घेत नसे, सगळे दिवाणजीच म्हणत. बेरीज चुकली की मला जेवण जात नाही, असा माझा स्वभाव.

सत्त्याण्णवच्या ऑगस्टात शालन मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या जिन्यावरून पडली. हातात धुण्याची बादली होती. जिना बारा पायऱ्यांचा. ती सातव्या पायरीवरून पडली. मणका गेला. तीन महिने दवाखान्यात काढले. सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"चालण्याचं विसरा. एकच गोष्ट सांभाळा. दर दोन तासांनी कूस बदला. खुर्चीत बसवलंत तर अर्ध्या तासाच्या वर नको, आणि खाली मऊ काहीतरी हवंच. त्यांना दुखणार नाही, म्हणून त्या सांगणार नाहीत. पाठीला जखम झाली तर ती जखमच त्यांना नेईल."

मी दोनशे पानी वही आणली. चार रकाने पाडले. वेळ, कूस, कातडी कशी दिसते, कुणी बदलली. चोवीस तासांत बारा ओळी.

त्यातल्या आठ ओळी माझ्या. उरलेल्या चार, म्हणजे दुपारी बारा, दोन, चार आणि संध्याकाळी सहा, या वेळी मी कामावर असायचो. त्या चार आईनं धरल्या. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची. चादर ओढून ओढून ती शालनला फिरवायची. अकरा महिने तिनं एक वेळ चुकवली नाही. मग तिची कंबर धरली. एक दिवस ती शालनच्या पलंगाशेजारी खालीच बसली, ती उठेना. मी आलो तेव्हा घरात दोन बायका पडलेल्या, आणि शालन आईला विचारत होती, "आत्ती, पाणी देऊ काय?" आणि दोघी हसत होत्या. शालनला पाणी देता येणार नव्हतं. आईला ते घ्यायला उठता येणार नव्हतं.

त्या दिवसापासून बारा आणि चारला मी अडतीतून सायकलवर घरी यायला लागलो. एकवीस मिनिटं यायला, एकवीस जायला. दोन आणि सहाला शेजारच्या आक्का यायच्या. त्यांचंही घर होतं, म्हशी होत्या. किती दिवस येणार?

मला रोजच्या चार वेळा पाहिजे होत्या. एक माणूस, प्रत्येक वेळी दहा मिनिटं. दिवसाला चाळीस मिनिटं. तेवढंच मी कोल्हापुरात मागत फिरलो.

दवाखान्यात मदतीची खिडकी होती. तिथल्या बाई म्हणाल्या, "हितं पेशंटसाठी सगळं हाय. पेशंटला सांभाळणाऱ्यासाठी काय न्हाय."

"आणि सांभाळणारा पडला तर?"

"मग त्यो पेशंट झाला की. मग या."

त्या चेष्टा करत नव्हत्या. खरंच तसा नियम असावा अशा चेहऱ्यानं त्यांनी पुढच्या माणसाचा कागद घेतला.

सरकारी कचेरीत एक छापील अर्ज दिला. त्यात आजारी माणसाचं नाव होतं, वय होतं, उत्पन्न होतं. त्याचं कोण करतं, हा प्रश्नच अर्जात नव्हता. मी खाली कोऱ्या जागेत लिहिलं. कारकुनानं सांगितलं, कोऱ्या जागेत लिहू नका, अर्ज बाद होतो. मी दुसरा अर्ज घेतला.

एका महिला मंडळात गेलो. तिथल्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, घरात कोण कोण? म्हटलं, मी आणि आई. "मग अडचण काय हाय? ज्यांना कुणीच न्हाय त्यांच्यासाठी आमी." आईच्या कमरेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, कंबर काय, आमची बी दुखती.

पोस्टात टेलिफोनची जाड डिरेक्टरी होती. तिथं उभं राहून मी सेवा या शब्दाखालची सगळी नावं वाचली. पाणपोया होत्या. नेत्रशिबिरं होती. गाईंसाठी होतं. अन्नछत्र होतं. सत्तावीस नावं उतरून घेतली, सव्वीस ठिकाणी विचारलं. एक बंद पडलं होतं. कूस बदलायला माणूस कुठंच नव्हतं. पगारी बाई मिळत होती. माझ्या पगारात महिन्यातले नऊ दिवस पुरली असती.

मुरगूडहून शालनचा भाऊ आला. चहा घेतला आणि तिच्यासमोरच मला म्हणाला, "दाजी, रागवू नगासा. दुसरं लगीन करा. हिला बघायला बी माणूस हुईल."

शालन पलंगावरून म्हणाली, "आणि त्या बाईला कोण बघनार रं, दादा? तिसरी?"

तो परत आला नाही.

शेवटी मालकच म्हणाले, "दिवाणजी, एवढं हिंडतासा कशाला? आमचा ट्रस्ट हाय की." मालक त्या ट्रस्टचे उपाध्यक्ष होते. मी अर्ज लिहिला. मागणी एका ओळीची. रोज चार वेळा कूस बदलण्यासाठी एक माणूस मिळावं. पुरावा म्हणून वही जोडली. चारशे सव्वीस दिवस, पाच हजार एकशे बारा नोंदी. दोनदा अर्धा तास उशीर झाला होता, तोही लिहिलेला. रिकामी ओळ एकही नाही.

आठ दिवसांनी मालकांनी वही परत दिली; मधल्या नोंदी मी सुट्ट्या कागदावर ठेवल्या होत्या. "मीटिंगमदी वाचून दाखवली. मंडळी गार झाली. ह्या वर्षीचे सेवाव्रती तुमीच. फेटा, शाल, नारळ. वहिनींना बी आणायचं."

"मालक, माणसाचं काय झालं?"

"कसलं माणूस?"

"चार वेळा कूस बदलायला."

"अवो, आधी सत्कार तर हुंदे. मग बघू की. आणि चाकाची खुर्ची बी देणार हाय."

घरी सांगितलं. शालन म्हणाली, "मला कशाला? दाखवायला?"

"खुर्ची मिळंल."

दवाखान्यातून आणल्यापासून तिनं दार ओलांडलं नव्हतं. "मग चला," म्हणाली.

त्या दिवशी चारची कूस मी साडेतीनलाच बदलली आणि वहीत तशी नोंद केली. रिक्षानं हॉलवर गेलो. खुर्चीची बैठक नुसत्या कापडाची, खाली लोखंडी पट्ट्या, डाव्या मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली. मी घरून वाकळ नेली होती. चार घड्या करून शालनच्या खाली घातली. चिटणीस आले आणि म्हणाले, "हे बोचकं काय? फोटोत बरं दिसत न्हाय." त्यांनी शालनला एका बाजूला कलतं धरायला लावलं, वाकळ ओढून काढली आणि टेबलाखाली टाकली. कलतं मी धरलं होतं. माझ्याच हातानं.

मग मला फेटा बांधला. शालन म्हणाली, "आपल्या लग्नात बी एवढा नीट बसला न्हवता तुमच्या डोक्याव." मी हसलो. त्या दिवशीचं ते शेवटचं.

कार्यक्रम चारचा. पाहुणे आले नव्हते. कुणी मोठे होते, गाडीनं येणार होते. दर वीस मिनिटांनी चिटणीस सांगायचे, पावणं निघालंत. मग एकानं भजन म्हटलं. एकानं अहवाल वाचला. एका बाईंनी सेवेवर भाषण केलं, पंचवीस मिनिटं.

पाच वाजता शालननं विचारलं, "किती वाजलं?" मी सांगितलं.

पावणेसहाला विचारलं. सांगितलं.

साडेसहाला विचारलं. तेव्हा मी मालकांकडं वाकलो. "मालक, हिला जरा आडवी करावी लागंल. धा मिंटं."

मालक माझ्याकडं न बघता म्हणाले, "पावणं गेटात आलंत. आता उठलासा तर बरं दिसतंय व्हय?"

पाहुणे गेटात नव्हते. ते सातला आले.

मी उठू शकत होतो. मला कुणी बांधलं नव्हतं. पण बावीस वर्षांत मालकांच्या शेजारी खुर्चीवर मी पहिल्यांदा बसलो होतो. गुडघे जुळवून बसलो होतो. बावीस वर्षं मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून आकडे लिहिले. त्या माणसानं बस म्हटलं की बसायचं, एवढंच माझ्या अंगाला माहीत होतं. बायको तीन फुटांवर. तिच्या पाठीचं मला माहीत होतं. मी बसलो.

मग ते घाणीचं वाक्य. टाळ्या. शाल. नारळ. फोटो. फोटो झाल्यावर दोघांनी शालनला उचलून रिक्षात ठेवलं आणि खुर्ची मिटून टेंपोत टाकली. मी चिटणिसांच्या मागं गेलो.

"ही फिरती हाय," ते म्हणाले. "दर कार्यक्रमाला लागती. तुमची मागनं येईल."

साडेसात वाजले होते. साडेतीन तास.

घरी येऊन तिला पालथी केली. माकडहाडावर जांभळा डाग होता. लिंबाएवढा. मी बोटानं दाबला. डाग नुसता लाल असेल तर दाबल्यावर पांढरा होतो, असं डॉक्टरांनी शिकवलं होतं. तो झाला नाही. पुन्हा दाबला. झाला नाही.

"काय हाय?" शालननं विचारलं.

"काय न्हाय."

"वही दाखवा."

मी वही धरली. तिनं बोट सहाच्या ओळीवर नेलं. ओळ रिकामी होती. वही सुरू केल्यापासून पहिली.

ती म्हणाली, "मला बूड कळत न्हाय. तुमाला तरी घड्याळ कळतं की."

त्यानंतर ती त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाही. पुढचे पाच महिने तिला दुसरं काम होतं. डाग फुटला. खड्डा झाला. आधी करंगळी जाईल एवढा, मग मूठ. मी रोज धुवायचो. वास यायचा, तिलाही यायचा. ती खिडकीकडं तोंड करून म्हणायची, "उदबत्ती लावा, आत्तींना त्रास हुतोय." हाड दिसायला लागलं. ताप उतरेना. या पाच महिन्यांत मी मालकांना चार वेळा माणसाबद्दल विचारलं. चारही वेळा "बघू की." जूनच्या शेवटी ती गेली.

दाखल्यावर कारण लिहिलं होतं, जंतुसंसर्ग. ते खरंच आहे. साडेतीन तासांसाठी दाखल्यात जागा नसते.

पुढच्या जानेवारीत मालक म्हणाले, "दिवाणजी, गेल्या वर्षीचे सेवाव्रती म्हणून ह्या वर्षीची शाल तुमच्या हातनं. आणि वहिनींचा एक फोटो आणा. टेबलाव ठिवू, हार घालू."

फोटो नेला नाही. वही नेली. दारात फेटा घेऊन दोघे उभे होते. मी नको म्हटलं. त्यांना वाटलं, दुखवटा आहे.

स्टेजवर शाहूवाडीकडची एक बाई बसली होती. पंचेचाळिशीची असेल. नऊवारी, पायात रबरी चप्पल. शेजारी चाकाच्या खुर्चीत तिचा मुलगा. पंचवीस वर्षांचा, झाडावरून पडून मानेचा मणका गेलेला. खुर्ची मी ओळखली. डाव्या मुठीला तीच तांब्याची तार होती. मुलाच्या खाली काही नव्हतं. बाईच्या पायाशी एक घडी केलेली गोधडी पडली होती.

मी तिच्याजवळ गेलो. "ताई, ह्याची कूस कवा बदललीसा?"

"घरातनं निघताना. अकराला."

घड्याळात चार चाळीस. पाच तास चाळीस मिनिटं.

"आता बदलायची न्हवं?"

ती घाबरून मालकांकडं बघायला लागली. "पावणं येऊस्तवर बसा म्हणाल्यात."

मला वाटतं, त्या वेळी मला राग आला नव्हता. मी बेरीज बघत होतो आणि बेरीज चुकत होती. ती दुरुस्त केल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

टेबलावर ताट होतं. ताटातली शाल मी उचलली. चार घड्या केल्या. स्टेजवर खाली अंथरली. वर गोधडी घातली. मुलाच्या काखेत हात घालून बाईला म्हटलं, "पाय धरा." ती धरेना. मग तिनं मुलाच्या तोंडाकडं बघितलं आणि धरले. आम्ही त्याला खाली घेतलं, डाव्या कुशीवर केलं. त्याची पाठ समोरच्या बारा ओळींकडं आली.

"दिवाणजी! डोस्कं फिरलंय काय?" मालक उभे राहिले होते.

"धा मिंटं लागत्यात, मालक."

"पावणं यायचं हायत अजून!"

"येऊ देत. ह्याची वेळ झाली."

मी मुलाचा सदरा वर केला. डाग होता. लाल. बोटानं दाबला. पांढरा झाला. मी दोनदा बघितलं.

चिटणिसांनी माईक हातानं झाकला होता. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मालक माझ्या कानाशी वाकले, दात आवळून म्हणाले, "इज्जत घालवतासा आमची."

"ह्याच खुर्चीनं माझी बायको नेली, मालक."

"अवो, नशीब असतंय एकेकाचं."

"नशीब न्हवं. साडेतीन तास."

इतक्या वर्षांत मी त्यांना उलटून दिलेलं पहिलं उत्तर ते. त्यातही आकडाच होता.

आम्हाला तिघांना मागच्या दारानं बाहेर काढलं. सत्कार रद्द झाला. शाल मात्र आठवणीनं परत घेतली. मी रिक्षा आणली. मला वाटलं होतं, ती बाई काहीतरी बरं बोलेल. खोटं कशाला सांगू, तशी आशा होती.

ती म्हणाली, "माझी खुर्ची घालवलासा तुमी."

"ताई, खुर्ची मिळणार न्हवतीच. ती फिरती हाय."

"तुमाला काय ठावं? तीन गाड्या बदलून आलो. दोन वर्सं झाली, ह्याला पाठीव घिऊन परसाकडला नेती मी. तुमाला काय, तुमचं माणूस सुटलं."

स्टँडवर मुलाला गाडीत चढवायला मी हात लावला. तिनं नको म्हटलं नाही. गाडी गेली. पुढं त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. मुलाची पुढची कूस किती वाजता झाली, तेही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी अडतीत माझ्या जागेवर दुसरा माणूस वजनं लिहीत होता. मालक समोर नव्हते. मी माझं पेन उचललं आणि आलो.

आता दोन हजार सहा साल आहे. आई गेली. मी एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहितो. सत्तावीस नावांची ती यादी मी दर वर्षी पुन्हा फिरतो. अर्ज तोच, एका ओळीचा. फक्त शालनच्या नावाच्या जागी लिहितो: कोल्हापुरातलं कुणीही. दरवर्षी तेच उत्तर. काही ठिकाणी आता मला बघून दार लोटतात. माणूस मिळालेलं नाही. मिळेल असं मला वाटत नाही.

पण सत्कार होतात. वर्षाला पाच-सहा तरी होतात. फलकावर तारीख दिसली की मी जातो. पहिल्या रांगेत बसतो, वही मांडीवर घेऊन. आजारी माणूस स्टेजवर आलं की वेळ लिहितो. अर्धा तास झाला की उभा राहतो आणि मोठ्यानं वेळ सांगतो. पाहुणे आलेले असोत की नसोत. तीन हॉलमधून मला दंडाला धरून बाहेर काढलं. एका ठिकाणी थोबाडीत बसली. त्याचीही वेळ लिहिली आहे.

त्या जुन्या वहीतली सहाची ओळ मी तशीच ठेवली आहे. ती भरणार नाही. येत्या रविवारी पुन्हा एक सत्कार आहे, चारचा. मी पावणेचारला जाऊन बसणार.